दोन्ही आकडे खरे असतील, तर लॅपटॉप घ्यायचा कोणता?

प्रश्न: मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अँड्रॉइडची ॲप बनवते, कॉलेजच्या कार्यक्रमांचे व्हिडिओही तीच एडिट करते. तिच्यासाठी दोन लॅपटॉप पाहिले, किंमत जवळजवळ सारखीच. एकात कोअर आय७-१३५५यू आहे, दुसऱ्यात कोअर आय५-१३५००एच. दुकानदाराने एक बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, दाखवला, त्यात आय७ पुढे. पुतण्याने दुसरा दाखवला, त्यात आय५ बराच पुढे. यंत्राने मोजलेला आकडा वस्तुनिष्ठ असतो अशी माझी समजूत होती. मग हे मोजमाप आहे की ज्याचं त्याचं मत? आणि आम्ही कोणता घ्यावा?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: दुकानदार आणि तुमचा पुतण्या, दोघांनीही तुम्हाला खरेच आकडे दाखवले आहेत. आधी निर्णय सांगून टाकतो. तुम्ही लिहिलेल्या कामांसाठी १३५००एच घ्या. मात्र रॅम १६ जीबी हवी, तीही ८-८ च्या दोन स्टिकमध्ये. मुलगी दिवसभर चार्जर न घेता वर्गावर्गांतून फिरणार असेल, तर मात्र १३५५यू चा विचार करा. हे का, ते आता पाहू, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

दुकानदाराने दाखवला तो बहुधा सिंगल-कोर आकडा, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोरचा (काम करणाऱ्या एका भागाचा) वेग. आय७-१३५५यू मध्ये २ मोठे आणि ८ छोटे कोर आहेत आणि मोठा कोर ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आय५-१३५००एच मध्ये ४ मोठे आणि ८ छोटे, पण कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ. एकाच कोरचं काम मोजलं की आय७ थोडा पुढे राहतो. पुतण्याने दाखवला तो मल्टि-कोर. सगळे कोर एकदम कामाला लागले की विजेचं वाटप महत्त्वाचं ठरतं. यू चिपची बेस पॉवर, म्हणजे सतत कामासाठी धरलेली वीज, १५ वॅट, एच चिपची ४५ वॅट. एकीकडे दहा कोरांनी १५ वॅट वाटून घ्यायचे, दुसरीकडे बारा कोरांनी ४५. फरक पडणारच. ‘आय७’ हे नाव ‘आय५’पेक्षा वरचं वाटतं, पण लॅपटॉपच्या चिपमध्ये शेवटचं अक्षर बऱ्याचदा त्या ७ आणि ५ पेक्षा जास्त सांगून जातं.

आता मोजमाप की मत, हे. त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर, तीच चाचणी तीनदा चालवली तर निकाल दोन-तीन टक्क्यांच्या आत येतात. चालवणारा कोण आहे याने काही बिघडत नाही. एवढा भाग पूर्ण वस्तुनिष्ठ आहे. पण कोणतं काम मोजायचं, किती वेळ मोजायचं, मशीन कुठल्या स्थितीत ठेवायचं आणि दहा निकालांचा एक आकडा कसा करायचा, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवल्याशिवाय बेंचमार्क तयारच होत नाही. म्हणून आकडा समोर आला की आधी हे ठरवलेलं काय होतं ते शोधायचं, आणि ते आपल्या कामाशी जुळतं का ते बघायचं.

वेळेचंच घ्या. हे प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ बेस पॉवरपेक्षा कितीतरी जास्त वीज घेतात: १३५००एच ९५ वॅटपर्यंत, १३५५यू ५५ वॅटपर्यंत. मग लॅपटॉप तापतो, ठरवून दिलेली मुदत संपते आणि चिप खाली उतरते. किती खाली, हे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने पंखा, तांब्याच्या नळ्या आणि बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) घातलेल्या मर्यादांवरून ठरतं. म्हणूनच एकाच प्रोसेसरचे दोन कंपन्यांचे लॅपटॉप सारखा निकाल देत नाहीत. एक मिनिटाची चाचणी फक्त सुरुवातीचा जोर मोजते. २०२० साली आलेल्या सिनेबेंच आर२३ या बेंचमार्कमध्ये दहा मिनिटं सलग चालवण्याची सोय मूळ सेटिंगमध्येच दिली, ती याचसाठी. गीकबेंच ६ मात्र छोट्या छोट्या चाचण्या घेतं आणि मध्ये श्वास घ्यायला वेळ देतं, त्यामुळे तापण्याचा परिणाम त्यात फारसा दिसत नाही.

यातलं बरोबर कोणतं? तुमच्या मुलीच्या बाबतीत दोन्ही. ॲपमध्ये दोन ओळी बदलून पुन्हा बिल्ड केलं (कोडपासून चालणारं ॲप तयार केलं) तर काम काही सेकंदांत उरकतं, तिथे सुरुवातीचा जोर कामी येतो. अर्ध्या तासाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला तर दहाव्या मिनिटाला चिप किती वॅटवर टिकून आहे यावर सगळं अवलंबून. इथे एक बारकावा आहे. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग चालू असेल, तर एन्कोडिंगचं (व्हिडिओ फाइलमध्ये बसवण्याचं) काम प्रोसेसरच्या कोरांऐवजी चिपमधला वेगळा व्हिडिओ विभाग करतो. तो विभाग या दोन्ही चिपमध्ये आहे, त्यामुळे साध्या कापाकापीच्या व्हिडिओत दोघांतला फरक बराच आटतो. रंगसुधारणा आणि इफेक्ट्स वाढले की तो पुन्हा दिसू लागतो.

गीकबेंच ६ च्या निकालात एकूण गुणांखाली प्रत्येक चाचणीची वेगळी ओळ असते. त्यातली ‘क्लँग’ ही ओळ प्रोग्राम कंपाइल करण्याचा, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करण्याचा, वेग सांगते. अँड्रॉइडचं बिल्ड म्हणजे अगदी तेच काम नव्हे, पण जवळचं आहे. मुलीसाठी मथळ्यातल्या गुणांपेक्षा ही ओळ वाचा. एकूण गुणांत फोटो, नकाशे, चित्रातल्या वस्तू ओळखणं असलं बरंच काही मिसळलेलं असतं, त्याचा तिला फारसा उपयोग नाही.

खोलीच्या तापमानाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मुलगी सुट्टीत घरी आली की जळगावात त्याचा फरक पडतो. बहुतेक चाचण्या २२-२५ अंशांच्या खोलीत होतात. चिपमधली उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. या इंटेल चिपची मर्यादा १०० अंश. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात दुपारी खोली ४३ अंशांवर गेली की उरतो ५७. म्हणजे तोच पंखा, त्याच वेगाने फिरत, साधारण तीन चतुर्थांश उष्णता बाहेर टाकू शकतो. एसी खोलीत जो लॅपटॉप जेमतेम ४५ वॅट पेलत होता, तो इथे ३४ वॅटच्या आसपास येईल. वेग मात्र तितक्या प्रमाणात घसरत नाही, कारण शेवटचे काही वॅट थोड्याशा वेगासाठीच खर्च होत असतात. १५ वॅटच्या यू चिपला या उन्हाचा तितका त्रास होत नाही. म्हणजे पुतण्याने दाखवलेली एच चिपची आघाडी थंड खोलीतली आहे. जळगावच्या उन्हाळ्यात ती कमी होईल. नाहीशी होणार नाही.

रॅमचं मी वर अटीसारखं लिहिलं, त्याचं कारण असं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ-घेऊ शकते, दोन लावल्या की ५१.२. या दोन्ही चिपमध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, ते याच रॅमवर चालतं. दुकानात पडताळायला सोपी खूण आहे: टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. ‘स्लॉट्स यूज्ड’समोर १ ऑफ २ दिसलं, तर एकच स्टिक आहे. मग जीपीयूवर क्लिक करा. या चिपमध्ये दोन चॅनल (रॅमकडे जाणारे मार्ग) चालू असतील तर तिथे ‘आयरिस एक्सई’ असं नाव येतं, एकच चॅनल असेल तर तेच ग्राफिक्स ‘यूएचडी’ म्हणून दिसतं. बेंचमार्कच्या यादीतला लॅपटॉप दोन स्टिकचा आणि दुकानातला एका स्टिकचा, हा घोटाळा अगदी नेहमीचा आहे. आणि यादीत बऱ्याचदा रॅमचा उल्लेखच नसतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे नंतर वाढवता येत नाही, तेव्हा हे आधी विचारा.

आता अनेक निकालांचा एक आकडा कसा बनतो ते पाहा. मत सगळ्यात जास्त शिरतं ते इथे. समजा ‘क’ आणि ‘ख’ ही दोन मशीन आहेत. पहिल्या कामाला क ला १० सेकंद लागतात, ख ला २०. दुसऱ्या कामाला क ला १०० सेकंद, ख ला ५०. ख ला पाया धरलं तर क पहिल्या कामात दुप्पट, दुसऱ्यात निम्मा; २ आणि ०.५ ची सरासरी १.२५, म्हणजे क २५ टक्क्यांनी वेगवान. क ला पाया धरलं तर याच हिशेबाने ख २५ टक्क्यांनी वेगवान. एकूण वेळ मोजला तर क ला ११० सेकंद, ख ला ७०, म्हणजे ख सरळ पुढे. आणि गुणोत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं तर उत्तर १, बरोबरी. मोजलेले आकडे चारच, एकातही खोट नाही, तरी निकाल चार. सर्व्हर आणि वर्कस्टेशनच्या जगात मानाने पाहिल्या जाणाऱ्या ‘स्पेक’ या संस्थेच्या प्रोसेसर चाचण्या गुणाकाराची ही पद्धत वापरतात, कारण तिच्यात पाया बदलला तरी क्रम बदलत नाही. पण दिवसभर दुसरंच काम करायचं असेल, तर तुम्हाला बरोबरी दाखवणारा आकडा काय कामाचा?

कोणत्या चाचणीला किती वजन द्यायचं, तेही तसंच. यूजरबेंचमार्क या संकेतस्थळाने २०१९ च्या जुलैत एकूण गुणांमधला मल्टि-कोरचा वाटा १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला. त्यानंतर त्यांच्या यादीत चार कोरांचा कोअर आय३-९३५०केएफ हा अठरा कोरांच्या कोअर आय९-९९८०एक्सईच्या वर जाऊन बसला. एकही चिप बदलली नव्हती, एकही मोजणी नव्याने झाली नव्हती. ‘अमुक टक्के वेगवान’ असं एका ओळीत सांगणाऱ्या तुलना मी म्हणूनच खरेदीसाठी वापरू नका म्हणतो. त्या पानावरचे वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे तेवढे घ्या.

चाचणी प्रसिद्ध झाली की तिच्यासाठी वेगळी तयारी करणारेही निघतात. २००३ च्या मे महिन्यात थ्रीडीमार्क०३ ही ग्राफिक्सची चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने, ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची) छाननी केली. चाचणीत कॅमेरा कुठून कुठे जाणार हे आधीच ठाऊक असल्याने, पडद्यावर न येणारे भाग ड्रायव्हर रेखाटतच नव्हता. ही पळवाट बंद केल्यावर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा या कार्डाचे गुण २४.१ टक्क्यांनी घसरले. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांनी मिळून निवेदन काढलं आणि या प्रकाराला फसवणूक न म्हणता विशिष्ट प्रोग्रामसाठी केलेलं ऑप्टिमायझेशन म्हटलं. २४.१ हा आकडा मोजता येतो. त्याला काय म्हणायचं, हे वाटाघाटीत ठरलं. अलीकडचं उदाहरण २०२४ च्या फेब्रुवारीतलं: इंटेलच्या कंपायलरमध्ये (कोड कंपाइल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एका ठरावीक चाचणीचा कोड आणि तिची माहिती आधीपासून ओळखून केलेली सुधारणा आढळली, म्हणून स्पेकने प्रोसेसर चाचण्यांच्या २,६०० हून अधिक निकालांवर ते ग्राह्य नसल्याचा शेरा मारला. मोबाइलमध्येही हे घडलं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२२ आणि त्याआधीच्या काही एस मालिकेतल्या फोनमध्ये गेम आणि इतर ॲपचा वेग आवळला जात होता, बेंचमार्क ॲपचा नव्हता. २०२२ मध्ये गीकबेंचने ते फोन यादीतून काढून टाकले. यावर उपाय एकच: जी चाचणी कुणाला आधी माहीत असणं शक्य नाही ती चालवायची, म्हणजे स्वतःचं काम.

गेमच्या एफपीएसबद्दल (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याबद्दल) थोडक्यात. एका सेकंदात ५९ फ्रेम पहिल्या अर्ध्या सेकंदात आल्या आणि साठावी उरलेला अर्धा सेकंद अडकून राहिली, तरी सरासरी ६० एफपीएसच येते. खेळणाऱ्याला मात्र अर्धा सेकंद थिजलेला पडदा दिसतो. म्हणून सरासरीसोबत ‘१ टक्का लो’ (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा दिला आहे का ते बघा. एसएसडीचंही असंच: गच्चीवरची टाकी भरलेली असेपर्यंत नळाला जोर असतो, तसा स्वस्त एसएसडीचा वेग तिच्यातल्या जलद कॅशेपुरता असतो. क्रिस्टलडिस्कमार्क मूळ सेटिंगमध्ये १ जीबीची फाइल वापरतं, ती त्या कॅशेत सहज मावते. त्याऐवजी ६०-७० जीबीचे व्हिडिओ त्याच ड्राइव्हवर एकदम कॉपी करा आणि वेग कुठे येऊन थांबतो ते पाहा. क्यूएलसी या स्वस्त, दाट साठवणीच्या प्रकारातल्या काही ड्राइव्ह तिथे सेकंदाला १०० एमबीच्या आसपास उतरतात.

बॅटरीच्या दाव्यासाठी भागाकार पुरतो. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि १५ तासांचा दावा, म्हणजे स्क्रीनसकट सगळा लॅपटॉप सरासरी ३.३ वॅटवर चालला. हे मंद उजेडात, साधा व्हिडिओ बघताना जमतं. अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझर आणि पुरेसा उजेड धरून १० वॅट घ्या, तर पाच तास. १३५००एच वर जड बिल्ड लावलं तर त्याहून बरेच कमी. कॉलेजात प्लग सहज मिळत नसेल, तर हा हिशेब मल्टि-कोरच्या गुणांइतकाच गांभीर्याने घ्या.

लॅपटॉप घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत पडताळणी करून घ्या. विंडोजचे आणि बायोसचे अपडेट उरका, रीस्टार्ट करा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. मागे इंडेक्सिंग आणि अँटिव्हायरसची तपासणी चालू असते, ती निकाल पाडते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू दोन-तीन टक्क्यांवर स्थिरावला की मगच सुरुवात करा. सोबत आलेलाच चार्जर लावा. कमी वॅटचा सी-टाइप चार्जर लावला तर लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा, कंपनीच्या ॲपमधला सायलेंट किंवा परफॉर्मन्स मोड कोणता आहे तेही टिपून ठेवा. लॅपटॉप टेबलावर ठेवा. गादीवर ठेवला तर खालच्या जाळ्या बंद होतात.

मग एचडब्ल्यूइन्फो (चिपची वीज आणि तापमान दाखवणारा प्रोग्राम) ‘सेन्सर्स-ओन्ली’ असं निवडून उघडा आणि सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टि-कोर चाचणी लावा. ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ पहिल्या मिनिटाला किती आणि नवव्या मिनिटाला किती, एवढं लिहा. नवव्या मिनिटाला ती ४० वॅटच्या वर असेल तर उत्तम. २०-२५ वर आली असेल, तर नाव एच चिपचं असलं तरी थंड ठेवण्याची सोय यू चिपपुरतीच आहे, आणि वर सांगितलेला फायदा तुम्हाला मिळणार नाही. दहा-दहा मिनिटं थंड होऊ देत चाचणी तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा. पहिला आकडा मशीन गार असल्यामुळे थोडा जास्त येतो. नंतर चार्जर काढून एकदा चालवा. काही लॅपटॉप बॅटरीवर खूपच मंदावतात आणि यादीत ते कुठेच दिसत नाही.

मुलीला तिचा नेहमीचा प्रोजेक्ट घ्यायला सांगा. पहिलं बिल्ड मोजू नका, त्यात लायब्रऱ्या डाउनलोड होतात. त्यानंतर बिल्ड कॅशे बंद ठेवून तीनदा क्लीन बिल्ड, म्हणजे सगळं मुळापासून बिल्ड, करायचं. ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड करणारं साधन) शेवटी स्वतःच लागलेला वेळ लिहितं. तोच प्रोजेक्ट एखाद्या मैत्रिणीच्या यू चिपच्या लॅपटॉपवर चालवता आला, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर सेकंदांत मिळेल. व्हिडिओसाठीही तसंच, फक्त हार्डवेअर एन्कोडिंग दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद ठेवा.

निकाल अपेक्षेपेक्षा फारच खाली आला, तर या क्रमाने बघा: पॉवर मोड, चार्जर, रॅमच्या स्टिक, बायोसची आवृत्ती, पंख्याची जाळी. हे सगळं ठीक असूनही पॅकेज पॉवर टिकत नसेल, तर एचडब्ल्यूइन्फोचा स्क्रीनशॉट काढून दुकानात जा. बदलून द्यायची मुदत किती दिवसांची आहे हे मात्र पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या, कारण ‘स्लो वाटतोय’ एवढ्यावर कुणी लॅपटॉप परत घेत नाही.